बंद पोटाची करवत

त्या काळी कारंजात तेलावर चालणारी इंजिनं तीन-चारच होती, पण इंजिनातलं आपल्याला कळत नाही असं म्हणणारा एकही माणूस गावात नव्हता. आम्ही लाकूड कापायची मशीन घेणार अशी बातमी फुटली आणि मला चहाच्या हॉटेलात बसणं अवघड झालं. शिंपी सांगायचा, पाच घोड्यांची ताकद पुरे. त्याचा सगळा अनुभव पायानं हलवायच्या शिलाई मशीनचा. कापसाचा एक दलाल सांगायचा, पातं मोठं तेवढा नफा मोठा. या गृहस्थाला साग आणि बाभूळ शेजारी शेजारी ठेवली असती तर कोणती कोणती हे सांगता आलं नसतं. हॉटेलवाला स्वतः गल्ल्यावर बसून म्हणायचा, मशीन विलायतीच घ्या, देशी घेऊ नका. आणि देशी मशीन त्या दिवसांत कुठे मिळत होती ते त्यालाच ठाऊक. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायचो, बशीतला चहा संपवायचो आणि एकेकाला मनात शून्य गुण देऊन उठायचो.

मला तेव्हा असं वाटायचं की या तालुक्यात लाकडातलं कळणारा माणूस एकच आहे आणि तो मी आहे. वाटायचं कसलं, मी ते बोलूनही दाखवायचो. लोकही ऐकून घ्यायचे, कारण माझ्या हाताला खरोखर काम होतं. अक्कल असलेल्या माणसाचा माज लोक जरा जास्तच सहन करतात आणि त्यात त्या माणसाचं वाटोळं होतं.

कापसाच्या जिनाच्या रस्त्याला आमचं दुकान होतं. टिनाचं छप्पर, बाजूला ओंडक्यांची रास आणि मधोमध खड्डा. दारं, चौकटी, बैलबंड्या, जिनातल्या दुरुस्त्या, जे येईल ते आम्ही करायचो. मोठा ओंडका फाडायचा तर तो खड्ड्यावर आडवा टाकायचा, गेरूत बुडवलेल्या सुतानं त्यावर रेघ मारायची आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. एक जण ओंडक्यावर उभा, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा माणूस रेघ सांभाळतो म्हणून मान त्याचा. खालच्यानं ओढायचं आणि भुसा खायचा. आमच्याकडे वर मी होतो आणि खाली दादा, माझा सख्खा मोठा भाऊ.

हे उलटं होतं. सगळीकडे थोरला वर असतो आणि धाकटा खाली. पण वडील गेल्यावर मी कामाला लागलो तेव्हा खड्ड्यात उतरलो की मला खोकल्याची उबळ यायची, तोंडातून शब्द निघायचा नाही. दोन-तीन दिवस बघून दादा म्हणाला, "तू वर जाय. खालचं मी पाह्यतो." तेवढ्या बोलण्यावर तो पंचवीस वर्षं खाली राहिला. भावाच्या डोक्यावर पाय देऊन उभा राहतो असं लोक माझ्याविषयी बोलायचे. ते आईच्या कानावर गेलं तेव्हा तिनं एक रीत घालून दिली. रोज सकाळी ओंडक्यावर चढण्याआधी मी दादाच्या पाया पडायचं, म्हणजे दिवसभर त्याच्या डोक्यावर पाय राहणार त्याची आधीच माफी मागून ठेवायची. मी पडायचो. आधीची काही वर्षं मनापासून, मग सवयीनं, शेवटी शेवटी नुसतं वाकल्यासारखं करून.

खालच्या माणसाला डोळे मिटून चालत नाही. करवत तिरकी चालली तर रेघ खालच्या बाजूनंही सुटते, त्यामुळे त्याला वर पाहावं लागतं, आणि भुसा वरूनच पडत असतो. सागाचा भुसा डोळ्यात चावतो. दादा डोक्याला फडकं बांधायचा, ते भुवयांपर्यंत ओढायचा, पाण्याची घागर जवळ ठेवायचा. तरी चाळिशी गाठायच्या आत त्याचा डावा डोळा पांढरा पडला. अकोल्याच्या डॉक्टरांनी उजवा तपासला आणि सांगितलं, हा माणूस खड्ड्यात उतरत राहिला तर वर्षा-दोन वर्षांत हाही डोळा जाईल, उतरला नाही तर टिकेल. मशीन घ्यायची होती ती एवढ्यासाठी. हॉटेलातल्या कोणाला हे आम्ही सांगितलं नाही. सुताराचा डोळा गेला म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाकडे वळतं.

मजुरीवर खाली दुसरा माणूस लावून पाहिला. एकामागून एक तिघे आले. त्यांच्याविषयी काय लिहावं. ते करवत ओढत नव्हते, करवतीला लोंबकळत होते. प्रत्येक वेळी दुपारपर्यंत दादानं धीर धरला आणि मग स्वतःच खड्ड्यात उडी टाकून त्या माणसाला वर काढलं. "रेघ खाऊन राह्यला हा," एवढंच म्हणायचा. त्याला सरळ फळीपुढे डोळ्याची किंमत नव्हती, आणि त्याचा मला राग यायचा. मशीन आणतो म्हटलं तेव्हाही त्यानं अट घातली. "तिची फळी आपल्या फळीवानी निंघाली त मी वर येतो. वाकड्या फळीसाठी मी खड्डा सोडत नाही."

वहिनी रोज ताट वाढताना मशीन कधी येते ते विचारायची. एकदा तिनं भाकरी हातातच धरून ठेवली. "भाऊजी, तुमी गावभर मशिनी पाहून राह्यले. याहीचा डोया काय तुमच्यासाठी थांबून राह्यला?"

पहिला आला तो अकोल्याचा एजंट. कोट, टोपी, खिशात दोन फाउंटन पेनं. या माणसानं उभ्या आयुष्यात पटाशी हातात धरली नव्हती हे त्याच्या तळव्यांवरून दहा पावलांवरून कळत होतं. त्यानं चित्रांचं पुस्तक उघडलं आणि मला चित्रातल्या मशिनीचा रंग दाखवला. हिरवा. म्हणाला, हा रंग उडत नाही. मी विचारलं, पातं मिनिटाला किती फेरे घेतं? त्यानं पान उलटलं. मी विचारलं, वरचा तक्ता ओतीव आहे की पत्र्याचा? त्यानं आणखी एक पान उलटलं. शेवटी म्हणाला, "साहेब लोक हीच नेतात." साहेब लोक काय घरी बसून फळ्या फाडतात? नमुन्याची एक मशीन त्यानं मूर्तिजापूरला आणून ठेवली होती, तीही मी पाहून आलो. तक्त्यावर माझा गुण्या, सुताराची काटकोनी पट्टी, उभा ठेवला तर खालून उजेड दिसला. ज्याच्यावर फळी टेकायची तोच तक्ता वाकडा. गुण्या पिशवीत टाकला आणि त्याच्या चहालाही थांबलो नाही.

दुसरी मशीन केनवडला होती. एका पाटलानं आणली होती आणि आता विकायला काढली होती. वाशीमपर्यंत मोटारनं आणि पुढे बंडीनं मी तिथवर गेलो. सागवानी लाकडाच्या घोड्यावर बसवलेलं उघडं पातं, बंडीच्या चाकाला लाजवील एवढं. दात्यांना हळदीकुंकू, दांड्याला लिंबू-मिरची, समोर नारळ फोडलेला. पाहायला निम्मा गाव जमला होता आणि पाटील खुर्ची टाकून बसले होते.

"ताकद पाहा फक्त," ते म्हणाले. "म्हैस टाकली त म्हैस फाडन."

"मले म्हैस नाही फाडायची, पाटील," मी म्हणालो. "सागवान फाडायचं हाय."

लोक हसले, पाटील हसले नाहीत. इंजिन सुरू झालं. पातं एवढं जड की इंजिनाला ते फिरवतानाच धाप लागत होती. ओंडका लावला की गती मरायची, धूर निघायचा, माणसं ओंडका मागे ओढायची, पुन्हा गती येऊ द्यायची आणि पुन्हा लावायची. भुसा चारी बाजूंनी उडत होता, पाटलांच्या मिशीवरसुद्धा बसला. गावाला ते सगळं फार जोरदार वाटत होतं.

माझी एक रीत होती. मशीन पाहायला गेलो की मी आधी चालवणाऱ्याच्या हातांची बोटं मोजायचो. घोड्यांची ताकद, पात्याचे इंच, हे विकणारा सांगेल ते. बोटं मात्र खोटं बोलत नाहीत. केनवडच्या माणसाला सात बोटं होती आणि आठव्याचं अर्धं. मी पाटलांना नमस्कार केला आणि बंडीत बसलो. ही बोटांची युक्ती मी पुढे कित्येकांना ऐटीत सांगितली आहे.

परत येताना वाशीमला थांबलो. तिथे एक वयस्क मुसलमान मिस्त्री होते, कपाटं आणि पलंग करायचे. मुलाकडे हैदराबादेला कायमचे जाणार म्हणून दुकान आवरत होते. त्यांच्याकडे विलायती करवत आहे असं कळलं होतं. मी गेलो तेव्हा ते एका पलंगाच्या पायाला तेलपाणी करत होते. मी आधी बोटं पाहिली. दहा.

मशीन भिंतीला पाठ लावून उभी होती. ओतीव लोखंडाची, चारी बाजूंनी बंद, धान्याच्या लहान कोठीएवढी. वरचा तक्ता घासून गुळगुळीत केलेला, त्याच्या चिरेतून पात्याचा फक्त वरचा भाग बाहेर. फळी टेकवून सरळ पुढे नेण्यासाठी बाजूला जाड लोखंडी पट्टी, स्क्रूनं हवी तिथे आवळता येणारी. गुण्या ठेवला. खालून सुतभरही उजेड नाही. आडवा ठेवला, तिरका ठेवला, तरी नाही. मी त्या तक्त्यावरून तळहात फिरवत राहिलो, हात उचलवेना. एका सपाट लोखंडासाठी माणसाला असं होऊ शकतं हे ज्याला कळत नाही त्यानं सुतारकाम करू नये.

मिस्त्रींनी इंजिन सुरू करून एक हातभर सागवानी फळी फाडून दाखवली. आवाज एकसारखा राहिला, जराही दबला नाही. फळीची कड रंधा मारल्यासारखी निघाली. आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की भुसा उडतच नाही. नाही म्हणायला चिमूटभर वर आला असेल.

"भुसा कुठं गेला?" मी विचारलं.

"पेट में," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मशिनीच्या अंगावर थाप मारली.

मला तिथेच दादाचा उजवा डोळा दिसला. खरं सांगायचं तर मी तेव्हाच मशीन घेतली, बाकीचं बोलणं नुसतं बोलायचं म्हणून झालं. मिस्त्री म्हणाले, "पीछे से भी देख लो, भाई. पेट का दरवाजा पीछे है. चार आदमी बुला के घुमा देता हूँ." मी म्हणालो, "राहू द्या मिस्त्री. मी सुतार आहे, पुढून कळलं मला." त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "ठीक है. पर एक खाली पुली अलग से लगा लेना. इंजन चलता रहे और करवत रुक जाए, ऐसा होना चाहिए." रिकाम्या फिरणाऱ्या पुलीचं मी पाहू म्हणालो. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक वस्तूबरोबर सल्ला बांधून द्यायची सवय असते असं माझं मत होतं.

मजबूत बंडीवर घालून, वाटेत दोनदा बैल बदलून ती कारंजाला आणली. जिनातून एक जुनं तेलाचं इंजिन मिळालं. बसवताना मी मशिनीचं तोंड रस्त्याकडे केलं, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी. पाठ आतल्या बाजूला, लाकडांच्या राशीकडे. शिंपी, दलाल, हॉटेलवाला सगळे पाहायला आले. शिंपी म्हणाला, "पातं लहान दिसून राह्यलं." मी कामाला लागलो. एकाच ओंडक्याचे दोन भाग केले. अर्धा मी आणि दादानं खड्ड्यावर फाडला, अर्धा मशिनीवर मी एकट्यानं. मग दादा खड्ड्यातून डोकं काढून म्हणाला, "आण." मी मशिनीची फळी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उजव्या डोळ्यासमोर धरली, कडेवरून अंगठा फिरवला, सूत मागून घेतलं आणि लावून पाहिलं.

"नीट हाय," तो म्हणाला आणि वर आला.

त्या आठवड्यात मी खड्डा बुजवून टाकला. मजूर लावले नाहीत, स्वतः माती ओढली. ओंडक्यावर चढायचं राहिलं नाही, तेव्हा सकाळी पाया पडायचंही आपोआप बंद झालं. वहिनी माझ्या भाकरीवर तूप जरा जास्त घालायला लागली. दादाच्या डोळ्याची लाली उतरली. पूर्वी दुकानाच्या दारात माणूस आला की तो आवाज येईपर्यंत थांबायचा, आता रस्त्याच्या त्या बाजूला असतानाच नाव घेऊन हाक मारायचा. मी सगळ्या गावाचा हिशेब चुकता केल्यासारखा हॉटेलात बसायचो. दुसरी दोन दुकानं मशीन घ्यायचा विचार करत होती, ती मला विचारायला आली आणि मी त्यांना बोटांची युक्ती सांगितली.

मशिनीवर लांब फळी एकट्याला आवरत नाही. एकानं पुढून लोटायची, दुसऱ्यानं मागून धरून ओढायची. कोणी कुठे उभं राहायचं हे आमच्यात ठरलं नाही, ठरवायची गरजच वाटली नाही. वरच्यानं रेघ सांभाळायची आणि खालच्यानं ओढायचं, हे आमच्या अंगात इतकं मुरलं होतं की मी पुढे गेलो आणि दादा मागे गेला. त्याच्या मागे लाकडांची रास, पुढे मशिनीची पाठ, मध्ये हातभर जागा. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. भुसा तर पोटात जात होता.

पोट मात्र भरायचं. दोन-अडीच तास काम झालं की भुसा पात्याला लागायला लागे, आवाज जड होई. तो काढावा लागे, आणि दार मागच्या बाजूला. दादा मागेच होता. तो खाली बसायचा, मशिनीआड दिसेनासा व्हायचा, थोड्या वेळानं टोपलं भरून बाहेर टाकायचा. मी पुढच्या बाजूला उभा राहून म्हणायचो, बरं आहे, तेवढीच त्याला बसायला सवड. महिन्या-दोन महिन्यांत तो म्हणाला, "इंजिन बंद करत जाय ना, पोट काढताना." ते जुनं इंजिन एकदा बंद केलं की त्याचं डोकं दिव्यानं पुन्हा तापवावं लागायचं, अर्धा तास मोडायचा. मिस्त्रींनी सांगितलेली रिकामी पुली मी लावली नव्हती, त्यामुळे इंजिन चालू तोवर पातं फिरणारच. मी म्हणालो, "पातं वरच्या अंगाला हाय दादा, दार खाली हाय. तुले काय होते?" मी सुतार होतो, मला मशिनीतलं कळत होतं, म्हणून त्यानं ऐकलं.

कामरगावच्या एका बागायतदाराच्या बंड्यांचं काम आलं. भाजीपाला बाजारात न्यायला त्याला दोन बंड्या हव्या होत्या. चाकांसाठी बाभूळ लागते आणि बाभूळ आमच्याकडे नाल्याच्या पाण्यात महिनोन्‌महिने बुडवून ठेवतात, म्हणजे ती किडत नाही. वाळू द्यायची आणि मग फाडायची, ही वडिलांची पद्धत. पण एवढी ताकदीची मशीन असताना वाळायची वाट कशाला पाहायची, असं मला वाटलं. ओले ओंडके काढले आणि सरळ मशिनीला लावले. मशीन फाडत होती, तक्रार करत नव्हती. फक्त तो भुसा सागासारखा मोकळा पडत नव्हता. आत कणकेसारखा थापून बसत होता.

दुपारी आवाज जड झाला. दादा खाली बसला. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला.

"काय करून राह्यला मांग?" मी पुढून ओरडलो.

"भुसा धरून बसला. इंजिन बंद कर जरा."

"दोनच फळ्या राह्यल्या आता. तेवढ्या होऊ दे."

आतमध्ये खरवडल्याचा आवाज आला. मग थापून बसलेला लगदा एकदम सुटला असावा, पात्यानं तो पकडला, मशीन एकदा थरथरली आणि मागच्या बाजूला ओल्या चिखलाचा सपका बसावा तसा आवाज झाला. पुन्हा पातं मोकळं फिरायला लागलं, सुरेल. मी पुढची फळी उचललीसुद्धा होती. दादा राशीला धरून उभा राहिला. त्याचा तळहात उजव्या डोळ्यावर होता आणि बोटांमधून लाल पाणी येत होतं.

"काही नाही," तो म्हणाला. "पाणी दे."

मी पाणी दिलं. इंजिन मी नंतर बंद केलं. हा क्रम मला लिहून ठेवायचा आहे, कारण पुढे मी सगळ्यांना सांगताना तो बदलून सांगत आलो.

अकोल्याला बारा दिवस होतो. बाभळीची साल आणि नाल्याची वाळू डोळ्यात खोलवर गेली होती. डॉक्टरांनी मला फक्त विचारलं की हा खड्ड्यात उतरत नव्हता ना? मी नाही म्हणालो. पट्टी सोडली त्या दिवशी दादानं खिडकी कोणत्या बाजूला आहे विचारलं. तो खिडकीकडे तोंड करूनच बसला होता.

मूर्तिजापूरहून कारंजाला येणारी ती लहान गाडी किती सावकाश चालते, हे त्या दिवशी मला कळलं. वहिनी समोरच्या बाकावर बसली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती. हॉटेलातल्या एकाही माणसाचा मी आयुष्यात केला नाही इतका तिरस्कार मी त्या प्रवासात स्वतःचा केला, आणि तोही पुरेसा नव्हता. बऱ्याच वेळानं दादा म्हणाला,

"मशीन चालू हाय ना?"

"नाही. बंद हाय तवापासून."

"मंग पोट साफ करून घेजो पहिले. ओला भुसा आत राह्यला त लोखंड खाते."

मी त्याच्या पायाशी सरकलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्याला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं तेच पुन्हा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं. इंजिन थंड होतं. मशीन आणल्यापासून पहिल्यांदा मी तिच्या मागे गेलो. लाकडांच्या राशीमुळे तिथे सरळ बसताही येत नव्हतं, एक गुडघा टेकून अंग तिरकं करावं लागलं. दार जमिनीपासून वीतभर उंचीवर होतं आणि पुरुषाचा दंड जेमतेम जाईल एवढंच. उघडलं तर आत पातं सरळ समोर दिसत होतं. मी त्याला वरच्या अंगाला म्हणालो होतो. भुसा वाळून पार आतल्या कोपऱ्यात घट्ट बसला होता. मी मान बाजूला वळवून हात घातला, पोचला नाही. डोकं मागे घेऊन घातला, कोपरही आत गेलं नाही. दुसरा हात घालून पाहिला. शेवटी तोंड दाराशी नेलं, गाल लोखंडाला लावला, डोळा सरळ पात्यासमोर आला, तेव्हा भुसा हाताला लागला.